सहलीसाठी गॅस ग्रिल घेताना: खोक्यावरचा आकडा आणि गच्चीवरची परीक्षा

नागपूरकडे हिवाळा आला की गावाबाहेरच्या एखाद्या वावरात जमून भरीत आणि रोडग्यांचा बेत करण्याची रीत जुनीच आहे. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांच्या, जाळात वांगी भाजायला आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, घालायला आजवर कोणाला यंत्राची चौकशी करावी लागली नाही. अलीकडे मात्र गाडीच्या डिक्कीत मावेल, पाच मिनिटांत पेटेल आणि राख मागे ठेवणार नाही असा लहान गॅस ग्रिल अनेकांना हवा असतो, आणि खरेदीच्या वेळी निवड बहुतेकदा छायाचित्र, किंमत आणि खोक्यावर छापलेला उष्णतेचा आकडा एवढ्याच आधारावर होते.

माझी पहिली खरेदीही तशीच झाली. डिसेंबरातल्या एका रात्री काटोलजवळच्या एका मित्राच्या संत्र्याच्या बागेत आम्ही नऊ जण जमलो होतो आणि सहा मोठी वांगी नव्या कोऱ्या ग्रिलवर चढवली होती. पंधरा-वीस मिनिटे ज्योत निळी आणि जोरकस होती. नंतर ती करंगळीच्या पेराएवढी उरली. गॅसचा डबा हातात घेतला तर बाहेरून दव धरलेला, बर्फासारखा गार, आणि हलवून पाहिल्यावर आत द्रव चांगलाच डुचमळत होता. वांगी शेवटी पऱ्हाट्यांवरच गेली. दुसऱ्या दिवशी घरी वजन केले तेव्हा २३० ग्रॅमपैकी जवळजवळ निम्मा गॅस शिल्लक होता. ग्रिल बिघडलेला नव्हता. मी तो न तपासता रानात नेला होता, एवढेच. पुढे दिलेला क्रम त्या रात्रीनंतर हळूहळू बसवलेला आहे.

आधी पदार्थ ठरवावेत, मग ग्रिल

ग्रिल किती मोठा हवा हे माणसांच्या संख्येवरून ठरवण्याऐवजी आपण त्यावर नेमके काय भाजणार यावरून ठरवावे. मक्याची कणसे, पनीर आणि ढोबळी मिरची यांना मध्यम, सगळीकडे सारखी आच लागते. कोंबडीच्या तंगड्यांना आधी जोरदार आच आणि नंतर झाकणाखाली मंद उष्णता लागते. भरताच्या वांग्याला तर साल करपून सुटेपर्यंत थेट ज्योतीची धग हवी असते, आणि त्याच वेळी आतला गर शिजायला वीस-पंचवीस मिनिटे द्यावी लागतात. ज्याचे झाकण वांग्याला टेकते तो ग्रिल भरतासाठी निरुपयोगी आहे, म्हणून झाकण बंद असताना जाळीपासून आतली उंची किमान १२ सेंटिमीटर भरते की नाही हे दुकानातच पट्टीने मोजावे. विक्रेते या मापाविषयी स्वतःहून कधी बोलत नाहीत.

अमेरिकेत फुटबॉलच्या सामन्याआधी मैदानाच्या वाहनतळावर पिकअप गाडीची मागची फळी उघडून तिथेच मांस भाजण्याची पद्धत आहे, आणि तिकडचे बरेचसे छोटे ग्रिल तोच उपयोग डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात. नागपूरजवळच्या जामठ्याच्या क्रिकेट मैदानाबाहेर तसे काही करण्याचा विचार मनातही आणू नये. गर्दी, पेट्रोलच्या टाक्या आणि उघडी ज्योत एकत्र येण्याची ती जागा नव्हे. आपल्याकडे गाडीलगतचा स्वयंपाक होतो तो वावरात, नातेवाइकांच्या फार्महाउसवर किंवा परवानगी असलेल्या एखाद्या कॅम्पच्या आवारात. त्यामुळे ग्रिल कच्च्या, उंचसखल जमिनीवर उभा राहील आणि गॅस नागपुरात मिळणारा असेल, या दोन गोष्टी तिकडच्यापेक्षा इथे अधिक महत्त्वाच्या ठरतात.

गॅसचा प्रश्न

खरेदीतला सर्वांत अवघड भाग हाच आहे. बाजारात दिसणारे सुटसुटीत ग्रिल साधारण तीन प्रकारच्या गॅसवर चालतात. पहिला प्रकार म्हणजे २२० ते २३० ग्रॅम ब्युटेनचा, फवाऱ्याच्या डब्यासारखा दिसणारा आणि शेगडीच्या कप्प्यात आडवा बसणारा डबा. दुसरा म्हणजे अमेरिकन ग्रिलसोबत वापरला जाणारा सुमारे ४६५ ग्रॅम प्रोपेनचा जाड बाटला. तिसरा म्हणजे आपला नेहमीचा एलपीजी सिलिंडर, ज्यात सहलीसाठी सोयीचा आकार ५ किलोचा आहे.

ब्युटेन उणे अर्धा अंश सेल्सिअसला उकळते आणि प्रोपेन उणे ४२ अंशांना. डब्यातला द्रव वायू होताना स्वतःच्याच अंगातली उष्णता खर्च करतो. त्यामुळे डबा गार होत जातो, आतला दाब उतरतो आणि ज्योत बसते. नागपूरच्या हिवाळ्यात रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास नेहमीच येते, आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी तर ते ३.५ अंशांवर उतरले होते. अशा हवेत निव्वळ ब्युटेनचा डबा मोठ्या ज्योतीला पुरेसा वायू सतत देऊ शकत नाही. काटोलच्या रात्री नेमके हेच घडले होते. यावर उपाय म्हणून डबा गरम पाण्यात किंवा चुलीजवळ ठेवण्याचा सल्ला देणारे लोक भेटतात. तो सल्ला ऐकू नये. एक डबा थंडावला की तो काढून खोलीच्या तापमानातला दुसरा लावावा, किंवा मुळातच सिलिंडरवर चालणारा ग्रिल घ्यावा.

उन्हाळ्यात हाच प्रश्न उलटा होतो. बहुतेक डब्यांवर ५० अंशांपेक्षा अधिक तापमानात ठेवू नये अशी सूचना असते, आणि त्या तापमानाला ब्युटेनचा आतला दाब वातावरणाच्या सुमारे पाचपट झालेला असतो. मे महिन्यात सावलीतच पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या या शहरात काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तो डबा दुपारभर विसरून राहणे हा खेळ नाही. डबा घरातच ठेवावा आणि निघताना सर्वांत शेवटी गाडीत घ्यावा.

अमेरिकन बाटल्यावर चालणारा आयात केलेला ग्रिल दिसायला फार आकर्षक असतो, परंतु तो बाटला आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. मग एखादा जोडणीचा तुकडा मागवून त्याला घरगुती सिलिंडर लावण्याचा मोह होतो. येथे थांबावे. आपल्या घरगुती शेगड्या रेग्युलेटरमधून येणाऱ्या सुमारे ३० मिलिबार दाबासाठी बनवलेल्या असतात, युरोपात काही ठिकाणी प्रोपेनची उपकरणे ३७ किंवा ५० मिलिबारवर चालतात, आणि छोट्या बाटल्यांवरच्या काही ग्रिलमध्ये दाब याहून कितीतरी अधिक असतो. बर्नरच्या तोंडाशी असलेल्या पितळी जेटचे छिद्र त्या दाबाच्या हिशेबाने पाडलेले असते. दाब बदलला की ज्योत एक तर मरगळते, नाही तर बर्नरवरून उडून पुढे पळते. दोन्ही बाजूंचे आटे जुळले म्हणजे जोडणी सुरक्षित झाली असे नाही. ग्रिल कोणत्या गॅससाठी आणि किती दाबासाठी आहे हे त्याच्या अंगावरच्या पट्टीवर लिहिलेले असते. पट्टीच नसेल तर वस्तू परत ठेवावी.

माझे स्वतःचे मत विचारल्यास चार-पाचजणांपुरता, वर्षातून तीन-चार वेळा होणारा बेत असेल तर ब्युटेनच्या डब्यावरचा साधा ग्रिल चालतो. त्यापुढे ५ किलोच्या सिलिंडरला पर्याय नाही. हा सिलिंडर वितरकांकडे ओळखपत्र दाखवून घेता येतो, आणि इंडेनचा तो ‘छोटू’ या नावाने मिळतो. रेग्युलेटर वितरकाकडेच लावून पाहावा. नळी मात्र पोलादी तारेची जाळी असलेली, आयएसआय चिन्हाची आणि आयएस ९५७३ हा क्रमांक छापलेलीच घ्यावी. तिच्यावरचे वर्ष वाचावे आणि पाच वर्षांनंतर ती दिसायला कितीही चांगली असली तरी बदलावी. घरगुती सिलिंडरमधून लहान टाकीत गॅस भरून देणाऱ्या दुकानांची वाट धरू नये. ते बेकायदा तर आहेच, शिवाय त्या टाकीत किती द्रव भरला गेला आणि वर वायूसाठी किती जागा उरली हे भरणाऱ्यालाही ठाऊक नसते.

खोक्यावरचा आकडा कसा वाचावा

उष्णतेचा आकडा बहुधा बीटीयू या ब्रिटिश एककात असतो आणि तो दर ताशी धरलेला असतो. त्याला ३४१२ ने भागले की किलोवॅट मिळतात. म्हणजे १०,००० बीटीयूचा ग्रिल जवळजवळ ३ किलोवॅटचा झाला. हा आकडा ग्रिल किती गॅस जाळू शकतो ते सांगतो. पदार्थापर्यंत किती उष्णता पोचते याविषयी तो गप्प असतो. म्हणून त्याला जाळीच्या क्षेत्रफळाने भागून पाहावे. कोलमनच्या रोडट्रिप २८५ या ग्रिलचा आकडा २०,००० बीटीयू आहे आणि जाळी २८५ चौरस इंचांची, म्हणजे चौरस इंचाला सुमारे ७०. वेबरच्या क्यू १२०० ला ८,५०० बीटीयू आणि १८९ चौरस इंच, म्हणजे सुमारे ४५. केवळ यावरून पहिला सरस आणि दुसरा कमजोर असे म्हणणे चूक ठरेल, कारण दुसऱ्याची जाळी बिडाची आणि झाकण जाड ओतीव ॲल्युमिनियमचे असल्याने उष्णता आत धरली जाते. ढोबळ अंदाज असा ठेवावा: झाकण घट्ट आणि जाळी जड असेल तर ४० ते ५० पुरतात, परंतु पातळ पत्रा, सैल झाकण आणि तारेची जाळी असेल तर ७० सुद्धा वाऱ्यात तोकडे पडतात.

याच हिशेबातून गॅसचा खर्चही काढता येतो. एक किलोवॅटची ज्योत तासाला साधारण ७५ ग्रॅम गॅस जाळते. तीन किलोवॅटच्या ग्रिलला पूर्ण ज्योतीवर तासाला सुमारे २२५ ग्रॅम लागतील, म्हणजे ब्युटेनचा एक डबा तासाभरात रिकामा. नऊजणांचे जेवण एका डब्यात होईल असे मला वाटले होते. हा भागाकार आधी केला असता तर वाटले नसते. ५ किलोचा सिलिंडर त्याच ज्योतीवर वीस तासांहून अधिक चालतो.

दुकानात हाताने तपासण्याच्या गोष्टी

ग्रिल जोडून, उघडून दाखवायला सांगावे. जाळी उचलून खालचा बर्नर पाहावा. तो लंबवर्तुळाकार किंवा दुपदरी असेल तर आच पसरते, मध्यभागी एकच गोल चकती असेल तर कोपरे गार राहतात. बर्नरवर तिरपे पत्रे असावेत, म्हणजे तेल थेट ज्योतीवर न पडता त्यावर पडून जळते. लोहचुंबक खिशात असावे. ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील चुंबकाला सहसा धरत नाही, ४३० प्रतीचे धरते. चुंबक चिकटले म्हणजे पत्रा वाईटच असे नव्हे, पण ‘३०४’ असे सांगून तो विकला जात असेल तर विक्रेत्याच्या इतर दाव्यांकडेही त्याच नजरेने पाहावे. नॉब पूर्ण मोठ्यापासून अगदी बारीकपर्यंत सावकाश फिरवून पाहावा; मधल्या मंद आचेची जागा हाताला सापडत नसेल तर कोंबडी बाहेरून करपून आत कच्ची राहणार. पाय फाकवून ग्रिल टेबलावर ठेवावा आणि एका कोपऱ्यावर तळहात दाबावा. डुलत असेल तर वावरात तो अधिक डुलेल.

ठिणगी देणारे बटण दहा वेळा दाबावे आणि किमान नऊ वेळा ठिणगी दिसावी. तरीही लांब दांड्याचा लायटर सोबत ठेवावाच, कारण पहिल्यांदा बिघडतो तो हाच भाग.

बहुतेक स्वस्त सुटसुटीत ग्रिलमध्ये ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करणारी यंत्रणा नसते. एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असल्यामुळे असा सुटलेला गॅस वर उडून न जाता खड्ड्यात, चरात, गाडीखाली साचून राहतो. ही यंत्रणा असलेला ग्रिल थोडा महाग मिळत असेल तर इतर सजावट सोडून तोच घ्यावा, असे मी आग्रहाने म्हणेन. झाकणावरच्या तापमापकासाठी मात्र एक पैसाही अधिक देऊ नये. तो झाकणाखालच्या हवेचे तापमान सांगतो, जाळीचे नव्हे.

ऑनलाइन ‘ग्रिल’ या नावाने विकल्या जाणाऱ्या कितीतरी वस्तू खरे तर डब्यावर चालणाऱ्या एका बर्नरच्या शेगड्या असतात आणि त्यांच्यावर एक पन्हाळीदार तवा ठेवून दिलेला असतो. तशी शेगडी घ्यायला हरकत नाही, पण तिच्यासोबत आलेल्या मापाहून मोठा तवा कधीही ठेवू नये. तव्याचा काठ डब्याच्या कप्प्यावर आला की खाली परतलेली धग थेट डब्याला लागते. चांगल्या शेगडीत ठरावीक दाबानंतर डबा आपोआप सुटा होतो. त्या खटक्याच्या भरवशावर मात्र स्वयंपाक करू नये.

गच्चीवरची परीक्षा

वस्तू परत करण्याची मुदत संपण्याआधी एक मोकळी संध्याकाळ काढून पुढील परीक्षा घरीच, उघड्या गच्चीवर घ्यावी. बंद गॅलरी, तंबू किंवा गाडीचा मागचा भाग यासाठी कधीही वापरू नये. अर्धवट जळणाऱ्या गॅसमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही.

सुरुवात गळतीपासून करावी. वाटीभर पाण्यात भांडी घासण्याचा साबण कालवून दाट फेस करावा, ग्रिलचे नॉब बंद ठेवून सिलिंडरचा रेग्युलेटर चालू करावा आणि जुन्या टूथब्रशने तो फेस रेग्युलेटर, नळीची दोन्ही टोके आणि नॉबच्या मुळाशी लावावा. बुडबुडा सावकाश फुगत असेल तर जोड पुन्हा घट्ट करून पुन्हा तपासावा. काडी पेटवून गळती शोधणारे लोक अजूनही आहेत. त्यांना गच्चीवर येऊ देऊ नये.

पुढे ज्योत पाहावी. ती निळी, टोकाशी किंचित पिवळसर आणि बर्नरच्या छिद्रांना धरून असावी. पूर्ण पिवळी, काजळी सोडणारी ज्योत म्हणजे हवा कमी मिळते आहे. बर्नरपासून सुटून फडफडणारी ज्योत म्हणजे दाब किंवा हवा अधिक आहे.

आता वजनाची परीक्षा, जी या सगळ्यांत मला सर्वांत मोलाची वाटते. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. ब्युटेनचा भरलेला डबा तोलून वजन लिहून घ्यावे, ग्रिल पूर्ण ज्योतीवर बरोबर पंधरा मिनिटे चालवावा, बंद करून डबा काढावा, पुसून पुन्हा तोलावा. घटलेल्या ग्रॅमना चारने गुणले की ताशी खर्च येतो, आणि त्याला ७५ ने भागले की खरे किलोवॅट. माझ्या त्या ग्रिलवर जवळजवळ तीन किलोवॅट लिहिले होते, म्हणजे पंधरा मिनिटांत ५५ ग्रॅमच्या आसपास गॅस जळायला हवा होता. प्रत्यक्षात ३८ ग्रॅम जळला, म्हणजे ग्रिल दोन किलोवॅटचा निघाला. लगेच तोच डबा परत लावून आणखी पंधरा मिनिटे चालवल्यावर फक्त २७ ग्रॅम घटले. हा दुसरा आकडाच तुम्हाला रानात भेटणार आहे. सिलिंडरवरच्या ग्रिलसाठी सामान तोलण्याचा, दहा ग्रॅमपर्यंत मोजणारा हुकाचा काटा वापरावा आणि वेळ अर्ध्या तासाची ठेवावी.

आच कुठे किती पोचते हे पाहण्यासाठी ब्रेडची एक मोठी लादी पुरते. झाकण लावून ग्रिल दहा मिनिटे तापवावा, आच मध्यम करावी, आणि संपूर्ण जाळी झाकेल अशा रीतीने स्लाइस एकमेकींना चिकटवून मांडाव्यात. दोन मिनिटांनी त्या ज्या क्रमाने ठेवल्या त्याच क्रमाने उलट्या करून ताटात मांडाव्यात आणि छायाचित्र काढून ठेवावे. ते ताट म्हणजे तुमच्या ग्रिलचा नकाशाच असतो: मध्ये कोळसा, कडेला सोनेरी, कोपऱ्यात पांढरी फटफटीत. पांढऱ्या राहिलेल्या जागा क्षेत्रफळातून वजा कराव्यात. एकतृतीयांशाहून अधिक जागा पांढरी असेल तर ग्रिल परत करावा. त्याहून कमी असेल तर ती जागा भाजलेले कणीस ऊबदार ठेवायला उपयोगी पडते.

वाऱ्याची परीक्षा टेबलफॅनने होते. पंखा दोन-तीन मीटरवर ठेवून आधी कमी, मग मध्यम वेगावर लावावा, आच मंद ठेवावी आणि ज्योत विझते का हे चारही बाजूंनी पाहावे. बहुतेक ग्रिल एका बाजूने कच्चे असतात, आणि ती बाजू आधीच कळलेली असली की वावरात गाडी कुठे लावायची हेही ठरते. आडोसा करायचाच असेल तर तो दूर, गाडीचा किंवा बांधाचा असावा. डब्याच्या चारही बाजूंना पत्रा उभा करून धग कोंडणे हा थेट अपघाताचा मार्ग आहे.

शेवटी एक वांगे भाजावे, तीनशे-साडेतीनशे ग्रॅमचे, तेलाचे बोट लावून आणि सुरीने दोन-चार ठिकाणी टोचून. पूर्ण आचेवर, झाकण लावून, दर पाच मिनिटांनी फिरवत पंचवीस मिनिटांत साल सर्वत्र काळी होऊन सुटली आणि देठाजवळचा गरही मऊ झाला, तर ग्रिल उत्तीर्ण. देठाकडचा भाग कचकचीत राहिला तर झाकणाखाली उष्णता टिकत नाही असे समजावे. चवीचा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याबाबतीत प्रामाणिक राहिलेले बरे: गॅसवरच्या भरताला पऱ्हाटीच्या धुराचा वास येत नाही. छाटणीतल्या संत्र्याच्या वाळलेल्या, अलीकडे फवारणी न झालेल्या काटक्यांचे तुकडे ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून, पुडीला भोके पाडून, बर्नरवरच्या तिरप्या पत्र्यावर ठेवले तर बराच वास येतो. अगदी तोच नाही, पण खाणारा ताट बाजूला सारत नाही.

याच वेळी ओघळणारे तेल झेलणारा ग्रिलखालचा पेला तपासावा. मसाल्यात मुरवलेल्या कोंबडीचे अर्धा किलो तुकडे भाजून पाहिले की तेल नेमके कुठून ओघळते, पेल्यात पडते की टेबलावर, ते कळते. आपल्या सावजी हाताला मसाल्यात तेल सढळ घालण्याची सवय आहे. ग्रिलवर जाणाऱ्या मसाल्यात ते निम्म्यावर आणावे, नाही तर जाळीतून ज्वाळा वर येतात. आल्याच तर गॅस बंद करावा आणि झाकण लावावे. पाणी ओतू नये. कोंबडी शिजली की नाही हे रंगावरून ठरवू नये. हाडापासून थोडे दूर, सर्वांत जाड भागात टोचून बघण्याच्या तापमापकाने ७४ अंश दाखवले पाहिजेत.

नेण्याची जागा आणि नियम

रामटेकजवळ खिंडसीच्या काठी किंवा पेंचच्या जंगलालगतच्या सिल्लारीच्या बाजूला निघताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी की जंगल आणि कॅम्प या दोन वेगळ्या जागा आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३० नुसार अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने आग पेटवणे किंवा पेटती सोडणे मना आहे, आणि भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ मध्ये राखीव वनातल्या आगीवर बंधने आहेत. गॅसची ज्योत ही आग नव्हे, असा युक्तिवाद वनरक्षकापुढे करू नये. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा महाराष्ट्रात वणव्यांचा हंगाम मानला जातो. त्या दिवसांत सागाची वाळलेली पाने पावलाखाली पापडासारखी मोडत असतात. पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या परिसरातल्या मुक्कामाच्या ठिकाणी उतरायचे असेल तर स्वयंपाकाची परवानगी आरक्षणाच्या वेळीच विचारून घ्यावी.

जागा मिळाल्यावर ग्रिल गाडीपासून आणि तंबूपासून किमान तीन मीटर दूर, पालापाचोळा झाडून काढलेल्या सपाट मातीवर मांडावा. उघड्या डिक्कीत स्वयंपाक करू नये. डिक्की सामान मांडायला आणि बसायला असते. सिलिंडर उभा, सावलीत, नळी पुरेल तितका ग्रिलपासून दूर असावा, आणि नळी पायांत येणार नाही अशा बाजूने फिरवावी. एक बादली कोरडी माती आणि दोन किलोचे कोरड्या भुकटीचे अग्निशामक हाताशी असावे.

आगगाडीने पचमढीसारख्या ठिकाणी जाणाऱ्यांनी गॅस घरीच ठेवावा. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६४ खाली असे ज्वलनशील सामान डब्यात नेल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

परतताना आणि पावसाळ्याआधी

जेवण झाल्यावर ग्रिल लगेच मिटू नये. आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून नळीतला गॅस जळू द्यावा, मग नॉब बंद करावेत. बिडाची जाळी अर्ध्या तासानंतरही हात पोळवते, म्हणून तोवर तेलाचा पेला रिकामा करणे, भांडी आवरणे ही कामे करावीत. जाळी कोमट असतानाच घासावी आणि तेलाचा हात फिरवून वर्तमानपत्रात गुंडाळावी. परतीच्या वाटेवर सिलिंडर उभा, पट्ट्याने बांधलेला आणि गाडीची एक काच खाली केलेली असावी.

जूनमध्ये ग्रिल माळ्यावर जातो तेव्हा बर्नरच्या नळीचे तोंड आठवणीने झाकावे. एका वर्षी मी ते उघडेच ठेवले. नोव्हेंबरात पेटवायला गेलो तर बर्नर पेटेना, आणि भलत्याच ठिकाणी, नॉबच्या मागे, भप्प आवाज करून ज्योत उमटली. गॅस बंद करून नळी उतरवली तेव्हा आत कुंभारीण माशीने मातीचे घर बांधलेले आढळले, बोटाच्या पेराएवढे, सुकून टणक झालेले. बाटली धुण्याच्या लांब ब्रशने ते फोडून काढायला अर्धा तास लागला. आता मी नळीच्या तोंडावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा दुहेरी करून रबराने बांधतो, आणि दिवाळीनंतर पहिल्यांदा पेटवण्याआधी तो काढून आत टॉर्च मारून पाहतो.